बहात्तर तास म्हणजे नेमकं काय, सिस्टर?

पत्र

सिस्टर, नमस्कार. माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे. परवा रात्री तासगावहून गावाकडे येताना रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल धडकली. ट्रॉलीला मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. डाव्या मांडीचं हाड मोडलंय, डाव्या बाजूच्या पाच बरगड्या मोडल्यात आणि पाणथरीला (स्प्लीनला) मार आहे. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, सीटी नॉर्मल आला. मिरजेत आयसीयूत आहे. शुद्धीवर आहे, ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर एवढंच सांगतात, 'बहात्तर तास काही सांगता येत नाही, कॉम्प्लिकेशन होऊ शकतात.' कसली कॉम्प्लिकेशन? ती आधी कळत नाहीत का? मांडीचं ऑपरेशनही केलं नाही, नुसत्या बाहेरून सळ्या लावून ठेवल्यात. पुण्याच्या चुलतभावाने रिपोर्टचे फोटो मोबाईलमधल्या एआयला दाखवले, तर त्याने 'गंभीर गुंतागुंतीची शक्यता ३४ टक्के' असं उत्तर दिलं. तेव्हापासून घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. मामा म्हणतात, पुण्याला हलवा. आईला काय सांगू?
– एक बहीण, तासगाव तालुका

उत्तर

ताई,

तुमच्या आधीची बरीच पत्रं रांगेत आहेत, पण ती थांबू शकतात. तुमचं थांबण्यासारखं नाही म्हणून आधी घेतलं. मी आयसीयूत नर्स होते, डॉक्टर नव्हे, आणि तुमच्या भावाला मी पाहिलेलं नाही. त्याला काय द्यावं, काय देऊ नये यावर मी बोलणार नाही. पण डॉक्टर 'सांगता येत नाही' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात काय चाललेलं असतं, ते मला ठाऊक आहे.

डॉक्टर लपवतायत असं मनातून काढून टाका. त्यांना बरंच दिसत असतं, पण ते 'होईल' किंवा 'होणार नाही' अशा भाषेत दिसत नाही. आयसीयूच्या दाराशी दोन मिनिटांत ते समजावून सांगणं कठीण, मग 'बहात्तर तास' हा ठरलेला शब्द तोंडातून जातो. मला स्वतःला तो कधीच आवडला नाही.

मोठ्या अपघातातला धोका टप्प्याटप्प्याने येतो. डोनाल्ड ट्रंकी नावाच्या अमेरिकन सर्जनने १९८३ साली अपघाती मृत्यूंचे तीन टप्पे मांडले होते: काही जागेवरच, काही पहिल्या काही तासांत रक्त जाऊन किंवा डोक्याच्या माराने, आणि काही दिवसांनी-आठवड्यांनी, जंतुसंसर्गाने किंवा एकेक अवयव थकून. त्यानंतर उपचार पुष्कळ सुधारले, तिसऱ्या टप्प्यातले कितीतरी पेशंट आता वाचतात. तरी ड्यूटीवरच्या माणसाचा विचार अजून याच क्रमाने चालतो.

तुमच्या भावाच्या बाबतीत पहिली भीती पाणथरीची. ती डावीकडे खालच्या बरगड्यांच्या आत असते, रक्ताने भरलेली आणि नाजूक. पूर्वी ती फाटली की सरळ काढून टाकायचे. आता बीपी टिकून असेल तर पोट न उघडता नजर ठेवतात, ठरावीक तासांनी हिमोग्लोबिन बघतात, पोट हाताने तपासतात. बहुतेकांची ती आपोआप भरून येते. थोड्यांची मात्र काही दिवसांनीही पुन्हा वाहायला लागते. दुसरी भीती छातीची. बरगड्यांखाली फुप्फुसाला जो मुका मार बसतो तो पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत बऱ्याचदा पुरता दिसतच नाही, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वर येतो. त्यातच मांडीचं हाड मोडलेलं. मोठ्या हाडाच्या पोकळीतल्या चरबीचे कण रक्तात जाऊन फुप्फुसात आणि मेंदूत अडकू शकतात. हे झालंच तर साधारण एक ते तीन दिवसांत होतं: दम लागतो, माणूस बडबडायला लागतो, काखेत आणि छातीवर बारीक लालसर ठिपके उमटतात. डॉक्टरांचे बहात्तर तास बरेचसे इथून आलेत.

पण बहात्तरावा तास सरला की सुटलो, असं नाही. न्यूमोनिया, जखमेतला संसर्ग, पायाच्या शिरेत झालेली रक्ताची गुठळी, यांचे दिवस बहुतेक पुढे असतात. तीन दिवस नीट गेले की नातेवाईक वॉर्डात पेढे वाटतात, आणि सहाव्या दिवशी ताप चढला की तेच लोक काउंटरवर उभे राहून 'चांगला होता, इथेच बिघडवला' म्हणतात. त्याला इथे कुणी बिघडवलेलं नसतं. सहाव्या दिवसाची भीती पहिल्या दिवशीच डॉक्टरांच्या डोक्यात होती, ती सांगायची तेवढी राहून गेली.

आता, आधी कळत नाही का? काही प्रमाणात कळतं. त्यासाठी गुण मोजायच्या पद्धती आहेत. सगळ्यात जुनी आणि अजून वापरात असलेली १९७४ ची. बाल्टिमोरमध्ये सुझन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. शरीराचे सहा भाग धरायचे, प्रत्येक भागातल्या सगळ्यात वाईट जखमेला गुण द्यायचे, त्यातल्या सगळ्यात वाईट तीन भागांच्या गुणांचे वर्ग करून बेरीज करायची. कमाल ७५. पंधराच्या वर गेलं की मोठा अपघात समजतात. तुम्ही लिहिलेल्या जखमांवरून, उदाहरणापुरतं, छातीला ३, मांडीला ३ आणि पाणथरीला २ धरले तर ९ अधिक ९ अधिक ४, म्हणजे २२. पाणथरी जास्त फाटली असेल तर आकडा वाढेल. म्हणजे तुमचा भाऊ मोठ्या अपघाताच्या गटात आहे, हे खरं. पण या आकड्याला त्याचं वय माहीत नाही. सत्तरीच्या आजोबांना नेमक्या याच जखमा झाल्या तरी बेरीज २२ च येते. साखर आहे का, तंबाखू आहे का, घाटातून आणायला किती वेळ गेला, यातलं काहीच त्यात नाही.

म्हणून आयसीयूत एका आकड्याला कुणी फार धरून बसत नाही. आकडा कुठल्या दिशेने चाललाय, ते बघतात. रक्तातलं लॅक्टेट घ्या. पेशींना रक्त आणि प्राणवायू कमी पडला की ते साठतं. निरोगी माणसात ते साधारण २ च्या आत असतं. आल्या आल्या ४ होतं आणि चोवीस तासांत २ च्या खाली उतरलं, तर डॉक्टरांच्या कपाळावरची आठी जाते. ३ होतं आणि दुसऱ्या दिवशीही ३ वरच अडून बसलंय, तर ते पुन्हा पोट, छाती, मांडी शोधायला लागतात: काहीतरी अजून वाहतंय, काहीतरी नजरेतून सुटलंय. दुसरा हिशेब तर कागद-पेन्सिलीचा आहे, नाडीला वरच्या बीपीने भागायचं. नाडी ८० आणि बीपी १२० तर उत्तर ०.६७, ठीक. नाडी ११० आणि बीपी १०० तर १.१. हे दोन आकडे सुटे वाचले तर कुणी दचकणार नाही, एकत्र वाचले की सर्जनला फोन जातो. तरुण पोरांचं शरीर बीपी शेवटपर्यंत धरून ठेवतं आणि मग एकदम सोडतं. म्हणून 'बीपी नॉर्मल आहे' एवढ्यावर आयसीयूतली जुनी सिस्टर कधी खूश होत नाही.

रात्री दोन-अडीचला काचेतून आत पाहिलंत तर एखादी सिस्टर पलंगाच्या कडेला वाकून, टॉर्च मारून लघवीच्या पिशवीला लावलेली मापाची डबी वाचताना दिसेल. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान तीस मिली तरी लघवी व्हावी लागते. सलग दोन-तीन तास वीस-बावीस उतरली तर किडनीपर्यंत रक्त नीट पोचत नाही, असं धरून चालायचं. लघवीचा रंग चहासारखा गडद झाला तर चिरडलेल्या स्नायूतला रंग किडनीत अडकायला लागल्याचा संशय घ्यायचा. ती सिस्टर तो आकडा तक्त्यात लिहिते, मागच्या तासाच्या आकड्याखाली. कॉम्प्लिकेशनचा अंदाज म्हणतात तो मुख्यतः इथे बांधला जातो, त्या तक्त्यावर.

आता तुमच्या घरात ज्याने जेवण बंद पाडलं त्या ३४ टक्क्यांकडे येऊ.

पहिला प्रश्न, ३४ टक्के कशाचे? साधा न्यूमोनिया, जो अँटिबायोटिकने आठवड्यात आटोक्यात येतो, तोही 'गंभीर गुंतागुंत' आणि किडनी बंद पडणं तेही 'गंभीर गुंतागुंत'? त्या उत्तरात दोन्ही एकाच पोत्यात भरलेत. दुसरा प्रश्न, कुठल्या शंभर जणांमधले चौतीस? धोक्याचे टक्के काढणारी गणितं संगणकाला ज्या नोंदींवरून शिकवली जातात त्या बहुतांशी जर्मनी, अमेरिका अशा देशांतल्या. तिथला अपघात बऱ्याचदा एअरबॅगवाल्या गाडीतला, पेशंट कधीकधी हेलिकॉप्टरने मोठ्या रुग्णालयात आलेला. आपल्याकडे मोटारसायकल, उसाची ट्रॉली, आधी तालुक्याचा दवाखाना, तिथे टाके आणि सलाईन, मग १०८ ची गाडी, मग मिरज. कुणाचा धोका जास्त आणि कुणाचा कमी, हा क्रम गणिताने बरोबर लावला तरी टक्क्यांचा आकडा आपल्या माणसांना जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही. आणि तुमच्या चुलतभावाने ज्याला विचारलं ते तर असं शिकवलेलं गणितही नव्हे. ते कुठल्याही प्रश्नाला आत्मविश्वासाने वाक्य रचून देणारं यंत्र आहे. त्याने फोटोत सीटीचा कागद पाहिला. त्यानंतरच्या चार तासांत नाडी किती होती, लॅक्टेट उतरलं का, हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

खरी, तपासून घेतलेली गणितंही आहेत, त्यांची मी चेष्टा करत नाही. झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आयबीएमबरोबर मिळून जबर जखमींसाठी एक प्रोग्राम तयार केलाय. पेशंटचे सुरुवातीचे आकडे दिले की त्याला पुढे सेप्सिस, म्हणजे अंगभर भिनणारा जंतुसंसर्ग, होण्याची आणि पहिल्या ७२ तासांत दगावण्याची शक्यता किती, ते तो काढतो. पण तो डॉक्टरांच्या हातात देण्यासाठी आहे, आणि त्याचं उत्तर आल्यावर डॉक्टर काय करतात ते महत्त्वाचं. तुमच्याकडे द्राक्षबाग असेल किंवा शेजारी तरी असेलच. छाटणीनंतर ढग भरून आले, दव पडलं, की डावणी रोग येण्याच्या आधीच फवारणी होते. ढग बघून बाग गेली म्हणून रडत कुणी बसत नाही. ३४ टक्के खरे मानले तरी त्यांचा उपयोग तेवढाच: त्या पलंगाकडे जास्त वेळा बघायचं, तपासण्या लवकर करायच्या, रक्त आधी मागवून ठेवायचं. हे सगळं तिथे आधीच चालू असणार. आणि ३४ टक्के म्हणजे शंभरातल्या सहासष्ट जणांना गंभीर असं काहीच झालं नाही, हे चुलतभावाने घरी सांगितलं होतं का?

मांडीला नुसत्या सळ्या का लावल्यात, हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंत. मला वाचताना उलट बरं वाटलं. आत रॉड टाकून हाड एकदाच पक्कं करायचं, तेही चोवीस तासांच्या आत, असा आग्रह १९८० च्या दशकात होता, आणि बऱ्याच पेशंटना त्याचा फायदाही झाला. मग १९९० च्या दशकात लक्षात येत गेलं की ज्याची छाती आधीच फुटली आहे, ज्याचं रक्त गेलंय, त्याला तेच मोठं ऑपरेशन दुसऱ्या अपघातासारखं लागतं. हाडाच्या पोकळीत रॉड घालताना चरबी आणखी रक्तात ढकलली जाते, शरीराची आधीच भडकलेली आग आणखी भडकते आणि फुप्फुसं भरून येतात. तेव्हापासून अशा पेशंटला आधी बाहेरून सळ्यांचा सांगाडा लावून हाड स्थिर करतात, आणि शरीर सावरलं की रॉड. दुसरा ते चौथा दिवस मोठ्या ऑपरेशनला सहसा टाळतात. काही ठिकाणी लॅक्टेट ४ च्या खाली आलं का, रक्ताची आम्लता कमी झाली का, हे पाहून दिवस ठरवतात. सळ्यांच्या भोकांतून जंतू आत जाऊ नयेत म्हणून फार लांबवतही नाहीत, साधारण दोन आठवड्यांच्या आत बदलून टाकतात. थोडक्यात, तुमच्या डॉक्टरांनी कॉम्प्लिकेशनचा अंदाज केला आणि म्हणूनच ऑपरेशन थांबवलं. तुम्ही विचारता ना, आधी कळत नाही का? कळलं ते त्या सळ्यांमध्ये दिसतंय.

असाच आणखी एक पेच आत चाललेला असेल, तोही तुम्हाला कुणी सांगितला नसेल. मांडी मोडून पडून राहिलेल्या माणसाच्या पायात गुठळी होण्याची भीती मोठी, म्हणून रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन द्यायला हवं. पण पाणथरी जखमी आहे, रक्त पातळ केलं तर ती वाहील. दोन भीती एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. बहुधा एक-दोन दिवस हिमोग्लोबिन स्थिर राहिलं की इंजेक्शन सुरू करतात, तोवर चांगल्या पायाच्या पोटरीला हवेचा पंप लावतात. तेव्हा 'काल नाही म्हणालात आणि आज इंजेक्शन देताय' असं म्हणून सिस्टरशी भांडू नका. काल आणि आज वेगळे आहेत.

पुण्याला हलवायचं का? मामांची माया समजते. पण वाहू शकणारी पाणथरी आणि मोडक्या बरगड्या घेऊन पेठ नाका, कराड, सातारा, खंबाटकी आणि मग कात्रजची गर्दी, एवढा वेळ पेशंट गाडीत. मध्ये बीपी पडलं तर पोट उघडायला तिथे कोण आहे? हलवावं ते इथे काही कमी असेल तर. डॉक्टरांना सरळ विचारा: याला लागू शकेल असं काही तुमच्याकडे नाही का? चोवीस तास सर्जन आहे का, व्हेंटिलेटर मोकळा आहे का, डायलिसिस आहे का, रक्तपेढी जवळ आहे का, पाणथरीतली वाहणारी शीर कॅथेटरने आतून बंद करण्याची सोय आहे का? उत्तर 'नाही' आलं आणि ती गोष्ट लागणार असेल तर हलवा, पण दोन्हीकडच्या डॉक्टरांचं आपसात बोलणं झाल्यावर आणि गाडीत डॉक्टर असेल तरच. मामांना मिरज लहान वाटत असेल तर त्यांना आठवण करून द्या, डॉ. वानलेस यांनी इथे १८९४ साली मिशनचा दवाखाना काढला, सरकारी मेडिकल कॉलेजही १९६२ पासून आहे, आणि अथणी-चिकोडीचे लोक पेशंट घेऊन आजही इकडेच येतात.

आता सगळ्यात नाजूक विषय. तुम्ही पत्रात लिहिला नाही म्हणून मीच काढते. भाऊ दारू पितो का? रोज? वडिलांसमोर कुणी बोलणार नाही, मला माहीत आहे. भरतीच्या फॉर्मवर 'व्यसन: नाही' असं लिहून मोकळे होतात. पण रोज पिणाऱ्याची दारू अपघाताने एकदम बंद होते, आणि दोन ते चार दिवसांत हात थरथरतात, नाडी पळते, घाम फुटतो, माणूस नळ्या ओढायला लागतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो. नेमके तेच दिवस चरबीचे कण मेंदूत जाण्याचे, तेच रक्त कमी पडून डोकं भरकटण्याचे. खरी माहिती नसेल तर डॉक्टर तीन दिशांना धावतात, पुन्हा सीटीला नेतात, वेळ जातो. माहिती असेल तर पहिल्या दिवसापासून औषध सुरू करता येतं. पीत नसेल तर उत्तमच. पीत असेल तर कॅन्टीनला जायचं निमित्त करून बाहेर या आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांना एकटं गाठून सांगा. ते वडिलांना सांगणार नाहीत. तंबाखू, मावा, झोपेच्या गोळ्या, सांधेदुखीसाठी कुणा वैदूकडून घेतलेली पुडी, रक्त पातळ करणारी गोळी, जुनी साखर, हे सगळंही त्याच वेळी सांगा. मोठी मोठी गणितं या माहितीवाचून पांगळी असतात, आणि ही माहिती फक्त घरच्यांकडे असते.

भेटायला आत सोडतील तेव्हा एकानेच जा, हात कोपरापर्यंत धुऊन. बरगड्या दुखतात म्हणून तो श्वास वरच्यावर घेत असेल, खोकणार नाही, आणि न खोकलेला कफच पुढे न्यूमोनिया करतो. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र पलंगावर ठेवलेलं असेल, बहुतेकांचं ते नुसतं पडून असतं. त्याला छातीशी उशी घट्ट धरायला सांगा आणि सिस्टरने सांगितलंय तितक्या वेळा तुमच्यासमोर ओढायला लावा. दुखतंय म्हणून करत नसेल तर सिस्टरला सांगा, दुखणं कमी करण्याची औषधं वाढवता येतात. दुखणं सहन करणं यात काही मर्दुमकी नाही. त्याचे पाय तेल लावून चोळू नका, आईलाही चोळू देऊ नका, गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाते. अंगारा कपाळाला लावा, तोंडात घालू नका. काही खायला-प्यायला सिस्टरला विचारल्याशिवाय नाही, अगदी चमचाभर तीर्थसुद्धा नाही. पोट कधी उघडावं लागेल सांगता येत नाही.

आणि डोळे उघडे ठेवा. कालपर्यंत नीट बोलणारा आज तारीख विसरतोय, श्वास मोजायला लागावा इतका वेगाने चाललाय, डाव्या खांद्यात उगीच दुखतंय म्हणतोय, पोट फुगलंय, काखेत ठिपके दिसले, मोडलेल्या पायाची बोटं हलवली की किंचाळतोय किंवा पाय दगडासारखा घट्ट झालाय, तर 'सिस्टर कामात आहेत, मग सांगू' असं करू नका. त्याच क्षणी हाक मारा. उगाच हाक मारली म्हणून ओरडणारी सिस्टर भेटली तर माझ्या नावाने सोसा, पण हाक मारा. घरचं माणूस 'हा रोजच्यासारखा वाटत नाही' म्हणतं तेव्हा त्यात बऱ्याचदा तथ्य असतं.

डॉक्टरांशी बोलायला दोन वेळा चौघे जाऊन चार प्रश्न विचारू नका. तुम्ही एकट्या जा, वही घेऊन, राऊंडनंतर. 'वाचेल ना?' हा प्रश्न विचारूच नका, त्याला कुणीही प्रामाणिक डॉक्टर गोल उत्तर देईल. विचारा, 'आज तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची आहे? ती गोष्ट आली तर आधी कशावरून कळेल, आणि कळल्यावर तुम्ही काय कराल?' मग, 'कालच्यापेक्षा आज कोणता आकडा सुधारला, कोणता बिघडला?' हे विचारणाऱ्या नातेवाइकांशी डॉक्टर वेगळ्या आवाजात बोलतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. उत्तर तारीख घालून वहीत लिहा. रोज. घरात कुणी काही ऐकीव आणलं की वही पुढे करा.

आईला टक्के सांगू नका. खोटंही सांगू नका, 'काही नाही, उद्या सोडतील' असं तर मुळीच नको, कारण परवा तिचा तुमच्यावरचा विश्वास जाईल आणि तेव्हा तो जास्त लागेल. तिला आजचा दिवस सांगा: आज शुद्धीवर आहे, तुझं नाव घेतलं, रक्त वाहणं थांबलंय की नाही ते बघतायत, छातीवर लक्ष ठेवून आहेत, अजून आठवडाभर असं वर-खाली होणार. वर-खाली होणार हे आधीच कानावर घातलं की सहाव्या दिवशी ताप आला तरी ती कोसळत नाही. आणि तिला सांगा, तू जेव. डिस्चार्जनंतर त्याचं सगळं तिलाच करायचंय.

पैशाचं लगेच बघा. रुग्णालयात महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र बसतात, त्यांच्याकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन आजच जा. केंद्र सरकारची २०२५ मध्ये लागू झालेली रस्ते अपघाताची कॅशलेस योजनाही आहे, योजनेतल्या रुग्णालयात अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार. त्यासाठी पोलिसांकडे नोंद हवी, म्हणून ट्रॉलीचा नंबर आणि जागा कुणाला आठवतेय तोवर ते काम उरका. ट्रॉलीवाला गावातला निघाला तरी.

पाणथरी काढावी लागलीच तर घाबरू नका, तिच्यावाचून माणूस जगतो. पण मग काही जंतूंविरुद्ध त्याची ताकद कायमची कमी होते, म्हणून न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या लसी कधी देणार ते डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. साधारण दोन आठवड्यांनी देतात. नंतर कधीही थंडी वाजून ताप आला तर गोळी घेऊन झोपायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

मामांना बसवून ठेवू नका, ते पुण्याचे फोन लावत राहतील. रक्तपेढीत जाऊन त्याच्या गटाचं किती रक्त शिल्लक आहे ते विचारायला सांगा, आणि गावातली चार धडधाकट पोरं जेवून-खाऊन रक्त द्यायला घेऊन या म्हणावं.